मळणी यंत्रातील गतिऱ्हास : पट्टा, पुली आणि सोयाबीनचे बियाणे (बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरील तालुक्यांत सोयाबीन हे आता खरिपाचे प्रमुख पीक झाले आहे. या पिकाची काढणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि ऑक्टोबरात मळणीची घाई उसळते. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघण्याच्या तयारीत असतात. परतीचा पाऊस कधी गाठेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे गंजी लावून ठेवलेले सोयाबीन मिळेल त्या यंत्रातून, मिळेल त्या वेळी, बहुधा रात्री उशिरापर्यंत काढून घेतले जाते. अशा घाईत यंत्र 'ओढत नाही', ड्रम मंदावतो, भुसासोबत दाणे जाऊ लागतात किंवा दाण्यांत भूस येऊ लागते. त्या वेळी चालकाचा हात सहजच एका ठिकाणी जातो, तो म्हणजे इंजिनची रेस वाढविण्याकडे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच हात आहे. मळणी यंत्राची गती उतरण्याचे कारण पुष्कळदा इंजिनात नसून इंजिन व ड्रम यांच्या मधल्या पट्ट्यात व पुल्यांच्या रेषेत असते. तेथील दोष रेस वाढवून झाकला तर काम पुढे सरकते, परंतु त्याची किंमत पुढील जूनमध्ये पेरलेल्या बियाण्याच्या उगवणीतून वसूल होते. यंत्रशास्त्र व बीजशास्त्र या दोन शाखांच्या सीमेवरील हा प्रश्न असल्याने दोन्ही बाजूंनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या नापिकीला २०१९ च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीत भिजलेले बियाणे हे एक मोठे कारण होते. ते मळणी यंत्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु सोयाबीनच्या बियाण्याची नजाकत त्या वर्षी सर्वांच्या ध्यानी आली. या दाण्याचे कवच पातळ असते आणि अंकुराचे मूळ त्या कवचाच्या अगदी लगत असते. ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्याला जो मार सहज सोसतो, त्या मारानेही सोयाबीनचा दाणा आतून दुखावतो. वरून तो अखंड दिसतो, बाजारात भावही बरोबर मिळतो. पण तो उगवत नाही.

गतीचा साधा हिशेब

पट्ट्याने जोडलेल्या दोन पुल्यांचा नियम सोपा आहे. एका पुलीचा व्यास व तिचे मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार दुसऱ्या पुलीच्या तशाच गुणाकाराइतका असतो. उदाहरणादाखल, मिनिटाला १५०० फेरे करणाऱ्या डिझेल इंजिनवर १६ सेंटिमीटर व्यासाची पुली आहे व ड्रमच्या शाफ्टवर ६० सेंटिमीटरची पुली आहे असे धरू. ड्रमचे फेरे १५०० गुणिले १६ भागिले ६०, म्हणजे ४०० होतात. बियाण्यासाठी सोयाबीन मळताना दाण्यात १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर ड्रमचे फेरे ३०० ते ४०० आणि १४-१५ टक्के ओलावा असेल तर ४०० ते ५०० ठेवावेत, अशी शिफारस सामान्यतः केली जाते. त्या दृष्टीने वरील जोडणी योग्य आहे.

हा हिशेब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात पट्टा थोडा घसरतोच. सुस्थितीतील पट्ट्याची घसरण एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. शिवाय माल ओढताना इंजिनचे स्वतःचे फेरेही उतरतात. गव्हर्नर ठीक असेल तर साधारण चार-पाच टक्के. या दोन उतारांची बेरीज म्हणजे एकूण गतिऱ्हास. निदानाची सारी किल्ली या दोहोंना वेगळे करण्यात आहे.

इंजिनच दुबळे असेल, तर माल टाकताच इंजिनचा आवाज जड होतो आणि ड्रमही त्याच प्रमाणात मंदावतो. दोघेही एकत्र खाली येतात. पट्टा घसरत असेल, तर इंजिनचा आवाज फारसा बदलत नाही, किंबहुना थोडा मोकळाच होतो. केवळ ड्रमचा आवाज उतरतो. सोबत रबर जळल्याचा वास येतो, पट्टा किंचाळतो आणि यंत्र थांबवून काही वेळाने पाहिले तर लहान पुली हाताला चटका देईल इतकी तापलेली आढळते. अनुभवी चालकाचा कान हे ओळखतो. पण रात्री दहा वाजता, चौथ्या शेतकऱ्याच्या गंजीवर, कानाचा भरवसा धरणे कठीण असते. तेव्हा मोजणी हाच खरा मार्ग होय.

टॅकोमीटर असल्यास इंजिनची पुली व ड्रमची पुली या दोहोंचे फेरे, आधी रिकाम्या व नंतर भरल्या यंत्रात, असे चार आकडे घ्यावेत. समजा, भरल्या यंत्रात इंजिन १४४० वर आले. ड्रमचे फेरे ३८४ हवेत. ते ३४६ भरले तर घसरण सुमारे १० टक्के आहे. हा दोष पट्ट्याचा आहे, इंजिनचा नव्हे.

टॅकोमीटर नसेल आणि यंत्राला जुन्या पद्धतीचा सपाट पट्टा असेल, तर त्या पट्ट्याचा सांधाच आपले मोजमाप करतो. सांधा पुलीवरून जाताना 'टक' असा आवाज होतो. पट्टा १० मीटर लांब असेल तर वरील उदाहरणात रिकाम्या यंत्रात तो मिनिटाला सुमारे ७५ वेळा ऐकू यावा. माल टाकल्यावर तो ६५ वर आला आणि इंजिनचा आवाज मात्र विशेष उतरला नाही, तर पट्टा इंजिनच्या पुलीवर घसरत आहे असे खुशाल समजावे. घसरण बहुधा लहान पुलीवरच होते, कारण पट्ट्याची तिच्याभोवतीची मिठी आखूड असते. ही मोजणी दूर उभे राहून, घड्याळ हातात धरून करता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

पट्टा

व्ही पट्टा हा पाचरीसारखा असतो. त्याच्या कडा पुलीच्या खाचेच्या तिरप्या भिंतींत रुततात आणि त्या पाचरीमुळे पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. व्ही पट्ट्याने भार कडांवर वाहायचा असतो, तळावर नव्हे. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे व त्याची पाचर संपली आहे. अशा पट्ट्याला कितीही ताण दिला तरी तो घसरतच राहतो. उलट जादा ताणाने बेअरिंग मात्र निकामी होते. खाचेच्या भिंती आतल्या बाजूस वाटीसारख्या झिजल्या असतील तर नवा पट्टाही फार दिवस टिकत नाही. पुली न बदलता दर हंगामात पट्टेच बदलत राहणे हा म्हणूनच आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पट्ट्यांचे ए, बी, सी असे छेद असतात व त्यांची वरची रुंदी अनुक्रमे १३, १७ व २२ मिलिमीटर असते. बी छेदाच्या खाचेत ए छेदाचा पट्टा बसतो, फिरतोही, परंतु तळाला टेकून. तालुक्याच्या गावी हवा तो पट्टा न मिळाल्यास ही तडजोड केली जाते व नंतर इंजिनला दोष दिला जातो. दोन किंवा तीन पट्ट्यांच्या जोडणीत एकच पट्टा नवा घालणे हीदेखील तशीच चूक होय. जुने पट्टे लांबलेले असल्याने सारा भार एकट्या नव्यावर येतो आणि तो लवकर तुटतो.

ताणाचे माप पुढीलप्रमाणे आहे. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा बोटाने दाबला असता, मोकळ्या भागाच्या दर मीटर लांबीमागे सुमारे १६ मिलिमीटर खाली जावा. नवा पट्टा पहिल्या दिवसाच्या कामात बसतो व सैलावतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ताण पुन्हा तपासणे आवश्यक असते. घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिने तात्पुरती पकड येते हे खरे; परंतु राळेवर धूळ व भूस चिकटून थर जमतो आणि काही तासांनी घसरण अधिकच वाढते. व्ही पट्ट्यावर तर राळ मुळीच वापरू नये.

पुल्यांची रेषा

मळणी यंत्र शेतातून शेतात, बैलगाडीच्या वाटेने ओढत नेले जाते. प्रत्येक ठिकाणी जमीन निराळी. काळ्या रानात एक चाक खचते, मुरमाड माळावर एक चाक दगडावर चढते. वेगळ्या उभ्या केलेल्या इंजिनवर यंत्र चालत असेल, तर दोहोंची रेषा दर मुक्कामी नव्याने जुळवावी लागते. ही गोष्ट घाईत डोळ्यांच्या अंदाजावर सोडली जाते.

रेषा दोन प्रकारांनी चुकते. एकात दोन्ही शाफ्ट समांतर असतात पण एक पुली दुसरीच्या मानाने आत किंवा बाहेर सरकलेली असते. दुसऱ्यात शाफ्टच एकमेकांशी तिरपे असतात. तपासणीसाठी एक सुतळी पुरते. ती दोन्ही पुल्यांच्या बाहेरील तोंडांवरून ताणून धरावी. रेषा बरोबर असेल तर सुतळी चारही ठिकाणी, म्हणजे प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना, टेकते. पुल्यांच्या काठांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक हिशेबात धरावा. व्ही पट्ट्याला अर्ध्या अंशापर्यंतची चूक चालते. ती एक मीटर अंतराला सुमारे ९ मिलिमीटर होते. त्यापुढे पट्ट्याची एकच कड झिजू लागते, पट्टा खाचेत पिळतो आणि अखेरीस उलटतो. पट्ट्याची एक बाजू गुळगुळीत व दुसरी खरबरीत दिसली, तर दुकानात जाण्याआधी सुतळी काढावी.

सपाट पट्ट्याची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या पुलीचा मध्य किंचित फुगीर ठेवलेला असतो, कारण फिरता पट्टा फुगवट्याकडे चढतो आणि मध्यावर राहतो. जुन्या पुलीचा फुगवटा झिजून गेला, की शाफ्ट थोडे जरी तिरपे असले तरी पट्टा काठाकडे सरकत जातो. त्याला लाकडाने रेटून जागेवर ठेवण्याचा प्रकार पाहावयास मिळतो, तो अत्यंत धोक्याचा आहे.

पट्टा व रेषा यांची ही नाती मळणी यंत्रापुरती मर्यादित नाहीत. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने गिअरविरहित स्कूटर भारतीय रस्त्यांवर रूढ केली. तिच्या पोटात उघडमीट करणाऱ्या दोन पुल्यांवर एक व्ही पट्टा फिरतो. अशीच जोडणी १९५८ साली नेदरलँड्समधील डाफ मोटारीत आली होती आणि कॅनडासारख्या देशांत बर्फावर पट्ट्याच्या चाकाने धावणारी छोटी वाहनेही तिच्यावरच चालतात. तेथील कारागीरही इंजिन वेगाने फिरते पण वाहन पुढे जात नाही, ही तक्रार आली की प्रथम पट्टा व पुल्यांची रेषा पाहतो. आपल्याकडे गव्हा-सोयाबीनच्या काढणीला येणाऱ्या अनेक कम्बाइन हार्वेस्टरमध्येही ड्रमची गती अशाच उघडमीट करणाऱ्या पुलीने बदलतात. तेथे गती बदलण्यासाठी इंजिनला हात लावावा लागत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होय.

ट्रॅक्टरवरील यंत्र

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या हडंब्यात ड्रमला शक्ती ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमधून मिळते. त्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे आहे. जेथे ड्रम या शाफ्टला सरळ जोडलेला असतो, तेथे ड्रमच्या बाबतीत घसरणीचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे पट्ट्यांकडे दुर्लक्ष होते. परंतु पंखा व चाळण्या मात्र पट्ट्यांवरच चालतात, आणि खरा घोटाळा येथेच होतो.

पंख्याचा पट्टा घसरला, की वारा कमी पडतो व दाण्यांत भूस येते. चालक वारा वाढविण्यासाठी रेस वाढवितो. पंखा थोडा सुधारतो, पण त्याच्याशी काहीच तक्रार नसलेला ड्रम मात्र जोरात फिरू लागतो. ट्रॅक्टरच्या ५४० फेऱ्यांवर चालणारा ड्रम सोयाबीनच्या बियाण्यासाठी मुळातच जलद आहे. त्यात ही भर पडते. माल स्वच्छ येतो, शेतकरी समाधान पावतो आणि बियाणे मात्र बिघडते.

उलट, जाणता शेतकरी बियाण्यासाठी ड्रम ४०० वर आणावयास सांगतो, तेव्हा पंखाही त्याच प्रमाणात मंदावतो व चालक कुरकुर करतो. त्याची कुरकुर चुकीची नाही. यावर उपाय रेसचा नसून पुलीचा आहे. पंख्याच्या शाफ्टवर २० सेंटिमीटरची पुली असेल तर तेथे सुमारे १५ सेंटिमीटरची बसवावी. ड्रम ४०० वर असताना पंख्याला पूर्वीचाच वेग मिळतो. बी छेदाच्या पट्ट्याला साधारण १२.५ सेंटिमीटरपेक्षा लहान पुली देऊ नये, अन्यथा पट्टा फार वाकून लवकर चिरतो. बियाण्याची मळणी स्वतंत्र दिवशी ठेवली, तर एका जादा पुलीने हे काम भागते.

झाकलेला दोष व बियाणे

वेगळ्या इंजिनच्या पूर्वोक्त उदाहरणाकडे पुन्हा वळू. भरल्या यंत्रात ड्रम ३४६ वर आला होता. चालकाने रेस वाढवून तो ३८५ वर आणला. त्यासाठी घसरत्या पट्ट्यासह इंजिनला भाराखाली सुमारे १६०० फेरे करावे लागतात. माल टाकणारा मजूर क्षणभर थांबला, की भार जातो. इंजिन १६७० च्या आसपास चढते, घसरणही जवळजवळ नाहीशी होते आणि ड्रम ४४० च्या पुढे जातो. पट्टा चांगला असता तर अशा वेळी तो ३९६ वर राहिला असता. दाण्याला बसणाऱ्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने हा आघात जवळपास २४ टक्के अधिक ठरतो.

यातील दुसरी बाब अधिक घातक आहे. यंत्र भरलेले असते तेव्हा काड्या व शेंगांचा जाड थर दाण्यांना गादीसारखा सांभाळतो. माल पातळ असतो तेव्हा दाणे ड्रम व जाळी यांच्यात उघडे सापडतात. म्हणजे ज्या क्षणी दाण्याला आधार नसतो, नेमक्या त्याच क्षणी ड्रम सर्वाधिक वेगात असतो. दुपारच्या उन्हात दाणे अधिक सुकलेले असतात व मार अधिक बसतो. घसरणाऱ्या पट्ट्याचे वाईट हे की तो गती नुसती कमी करीत नाही, तर अस्थिर करतो. आणि रेस वाढविल्याने ती अस्थिरता वरच्या अंगाला सरकते.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते व पेरणीचे हेक्टरी ७५ किलो हे प्रमाण त्यावरच बेतलेले आहे. घरच्या बियाण्याची उगवण ६० टक्के भरली तर हेक्टरी साडेसत्त्याऐंशी किलो बियाणे लागते. जेएस ३३५ किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ यांसारखे सरळ वाण घरी राखणाऱ्या शेतकऱ्याने म्हणून मळणी सुरू असतानाच दोन नमुने घ्यावेत. एक यंत्र सुरू झाल्यानंतर अर्ध्या तासाचा, दुसरा शेवटच्या अर्ध्या तासाचा. प्रत्येकातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवावेत व कोंब मोजावेत. दोन्ही आकड्यांत मोठा फरक आढळला, तर तो बहुधा यंत्राने दिवसभरात गमावलेल्या शिस्तीचा असतो. दुसऱ्या नमुन्याचे पोते मग बियाण्यातून वगळता येते.

इंजिन केव्हा दोषी?

दोन्ही पुल्या एकत्र मंदावत असतील तरच इंजिनकडे वळावे. मळणीच्या जागी पहिला संशयित एअर फिल्टर होय. हवेत भूस एवढे असते की सकाळी साफ केलेला फिल्टर दुपारी गच्च होतो आणि धुराडे काळा धूर सोडू लागते. रेडिएटरच्या जाळीवर किंवा हवेने थंड होणाऱ्या इंजिनच्या पाकळ्यांवर भूस साचले, की इंजिन तापते व ओढ कमी होते. त्यानंतर डिझेल फिल्टर व डिझेलातील पाणी पाहावे. निळा धूर ऑइल जळत असल्याची खूण आहे; ते काम गॅरेजचे, शेतातले नव्हे. काळा धूर फिल्टर साफ करूनही गेला नाही तर माल अधिक टाकला जात आहे किंवा ओला आहे, असा साधा अर्थ प्रथम घ्यावा.

सुरक्षितता

मंदावलेला ड्रम चोंदतो, आणि चोंदलेल्या ड्रमात माल हाताने ढकलला जातो. मळणी यंत्रावरील अपघातांतील हा नेहमीचा क्रम आहे. हात आत असताना पट्ट्याने अचानक पकड घेतली, तर ड्रम एका क्षणात वेग घेतो. अशा यंत्रांसाठी संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. भारतीय मानकानुसार माल टाकण्याची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब व ड्रमकडील ४५ सेंटिमीटर भागात झाकलेली असावी लागते; कोपरापर्यंतचा हात ड्रमला पोचू नये हा त्यामागील हिशेब आहे. माल लवकर जावा म्हणून ही नळी कापून आखूड करणे किंवा पट्ट्यावरील जाळी 'सारखी काढावी लागते' म्हणून काढूनच ठेवणे, हे गतिऱ्हासावरचे चुकीचे उपाय आहेत. पट्टा बरोबर असेल तर जाळी दिवसातून एकदाही काढावी लागत नाही.

ताण देणे, सुतळी धरणे, पट्टा चढविणे ही सर्व कामे इंजिन पूर्ण बंद करून आणि ड्रम स्वतःहून थांबल्यावरच करावीत. ड्रम जड असल्याने इंजिन बंद झाल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. यंत्राभोवती काम करणाऱ्या स्त्रियांनी पदर खोचलेला असावा व पुरुषांनी उपरणे काढून ठेवलेले असावे. पट्ट्याच्या बाजूला कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेला पट्टा त्याच दिशेने फेकला जातो.

हंगामानंतर

मळणी संपली की यंत्र बहुधा आखाड्यावर, उघड्या माळावर, पट्टे ताणलेले असताना तसेच उभे राहते. उन्हाने रबर तडकते व ताणामुळे पट्टा त्याच जागी बसतो. पुढील हंगामात तो फिरताना ठेचकाळतो. पट्टे उतरवून, भूस झटकून, ऑइल व डिझेलपासून दूर, छपराखाली सैल वळसा देऊन टांगावेत. कोणता पट्टा कोणत्या पुलीचा, हे खडूने लिहून ठेवावे. पुल्यांच्या खाचांना ग्रीस लावू नये. कोरड्या फडक्याने पुसून त्यावर गोणपाट बांधावे.